डायरी राहू दे, लेक काय सांगतेय ते आधी ऐक

पत्र बरंच मोठं होतं, म्हणून त्यातला मुख्य भाग थोडक्यात देते.

"ताई, मी ३८ वर्षांची आहे. नोकरी आहे, घर आहे, नवरा समजूतदार आहे, मुलगी १३ची आणि मुलगा ८चा, तसं बघायला गेलं तर रडावं असं काहीच नाही. पण दिवस नुसते जातात, हसू येत नाही, चिडचिड मात्र पटकन येते. छोट्या छोट्या सवयींनी आनंदी राहता येतं असं सगळीकडे वाचलं म्हणून मनापासून सुरुवात केली. रोज रात्री कृतज्ञतेच्या दहा गोष्टी लिहायच्या, सकाळी आरशासमोर 'मी आनंदी आहे' म्हणायचं, त्यासाठी एक ॲप पण घेतलं, आणि घरात पॉझिटिव्ह वातावरण राहावं म्हणून फॅमिली ग्रुपवर रोज सुविचार टाकायला लागले. पहिले काही आठवडे बरं वाटलं, मग ते पण एक काम होऊन बसलं. एक दिवस चुकला की अपराधी वाटतं. परवा रात्री लिहीत होते तर मुलगी सांगायला आली की तिचं चित्र शाळेच्या प्रदर्शनासाठी निवडलंय, मी म्हटलं छान, दहा मिनिटं थांब मला लिहू दे, आणि नंतर बघते तर ती झोपली होती. मुलं आता म्हणतात, आई परत आनंदी राहा म्हणून सांगू नकोस. माझ्यातच काही कमी आहे का? की आनंदी माणसं जन्मापासूनच तशी असतात?"

अगं, पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळेला मी त्या चित्राच्या वाक्याशी थांबले. तू ते असंच ओघात लिहून पुढे गेलीस, पण माझ्या मते तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे. त्यावर मी येणारच आहे, सविस्तर येणार आहे, पण आधी तू जे विचारलंयस ते.

तुझ्यात काही कमी नाहीये. स्वभावाचा भाग असतो हे खरं, जुळ्या भावंडांवर जे अभ्यास झालेत त्यातून दिसतं की माणसामाणसातला समाधानाचा जो फरक असतो त्यातला साधारण एक तृतीयांश ते निम्मा आनुवंशिक असतो. पण हे आकडे लोकांमधल्या फरकाबद्दलचे आहेत, तुझ्या एकटीच्या आनंदातला इतका टक्के ठरलेला आणि इतका टक्के तुझ्या हातात असा हिशोब त्यातून निघत नाही. तो "४० टक्के तुमच्या हातात" वाला आकडा तू पण कुठेतरी वाचला असशील, तो मनाला लावून घेऊ नकोस. काहींना पटकन हसू येतं, काहींना वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. उंची सुद्धा आनुवंशिक असते तरी पोषण चांगलं मिळालं की एका पिढीत वाढते ना.

आता डायरी. डायरी वाईट नाहीये, उलट या सगळ्या प्रकारात तिच्यावर बऱ्यापैकी काम झालंय. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या दोघा मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना आठवड्यातून एकदा, पुन्हा वाच, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाच गोष्टींपर्यंत लिहायला सांगितलं, काहींना त्रासाच्या गोष्टी लिहायला सांगितल्या, आणि दहा आठवड्यांनी कृतज्ञतेवाले स्वतःच्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. नंतर सोन्या ल्युबोमिरस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच आठवड्यातून एकदा आणि आठवड्यातून तीनदा असं करून बघितलं तर एकदा लिहिणाऱ्यांनाच फायदा झाला, तीनदावाल्यांना झाला नाही. आणि तू रोज दहा लिहीत होतीस! दहा गोष्टी रोज शोधायच्या म्हटल्यावर चौथ्या दिवसापासून माणूस तेच तेच लिहायला लागतं, घर आहे, तब्येत आहे, मुलं आहेत, आणि ते लिहिताना आत काही हलत नाही. हलत नाही म्हणून परत अपराधी वाटतं. यात तुझी चूक नाही, डोसच चुकीचा होता.

रोज लिहून फायदा झाल्याची पण उदाहरणं आहेत, मार्टिन सेलिग्मन यांच्या २००५च्या प्रयोगात लोकांनी रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या होत्या, पण एकच आठवडा, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हे पण लिहायचं होतं. परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता आणि विशेष म्हणजे ज्यांना ते आवडलं त्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून चालू ठेवलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं. मला यातलं "का घडली" हे फार महत्त्वाचं वाटतं कारण तिथे यादी संपते आणि विचार सुरू होतो. "आज ऑफिसात बरं गेलं" असं लिहिलं की संपलं, पण का बरं गेलं, तर शेजारच्या टेबलवालीने न सांगता माझी फाईल पुढे पाठवून दिली होती, असं लिहिलं की एक माणूस डोळ्यासमोर येतं, आणि उद्या त्या माणसाशी तू जरा वेगळं बोलतेस. तर आता असं कर, रविवार किंवा जो वार तुला निवांत असेल तो घे, आणि त्या दिवशी एक, जास्तीत जास्त तीन गोष्टी कारणासकट लिही, आणि काही सुचलं नाही तर त्या आठवड्याला सुट्टी.

ॲपमधली ती स्ट्रीक, सलग किती दिवस केलंस ते मोजणारी, बंद कर, आजच. स्ट्रीक म्हणजे शाळेतला हजेरीपट, गैरहजर राहिलीस की लाल शेरा, आणि आनंदासाठी केलेल्या गोष्टीत लाल शेरा आला की ती गोष्टच नकोशी होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या सवयी कशा लागतात ते बारा आठवडे बघितलं होतं, २०१० साली ते छापून आलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण काहींना १८ दिवसच पुरले आणि काहींचा अंदाज पार २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे जे सांगतात त्याला फारसा आधार नाहीये. आणि तुझ्या कामाची गोष्ट, मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. एक दिवस चुकला म्हणून सगळं वाया गेलं हे ॲप सांगतं, तसं प्रत्यक्षात होत नाही.

आरशासमोरचं वाक्य तर पूर्णच सोडून दे. हे मी जरा ठामपणे सांगतेय कारण याने काही लोकांना खरंच त्रास होतो. जोअॅन वुड यांनी २००९ मध्ये दाखवलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं असतं त्यांनी स्वतःबद्दलचं गोड वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं की त्यांना आणखी वाईट वाटतं, कारण तोंडाने म्हणताना आतून लगेच उत्तर येतं की नाही, तू तशी नाहीयेस. तुला सकाळी "मी आनंदी आहे" म्हटल्यावर जर घशाशी काहीतरी अडकल्यासारखं होत असेल तर ते त्याचमुळे. आयरिस मॉस यांच्या २०११च्या कामातून पण असंच काहीसं निघालं, ज्यांना आधी आनंद किती महत्त्वाचा आहे हे वाचायला दिलं होतं त्यांना नंतर एक आनंदी फिल्म बघताना इतरांपेक्षा कमी आनंद झाला. सतत "मी आता खूश आहे का, पुरेशी खूश आहे का" असं तपासत राहिलं की समोर चाललंय त्यातून मन बाजूला होतं. तू गेले काही महिने हेच करतेयस गं, स्वतःला तपासतेयस. आणि तपासणाऱ्या माणसाला हसू येत नाही.

आता ते चित्र.

तुझी १३ वर्षांची मुलगी रात्री तुझ्याकडे चालत आली. त्या वयाची मुलं आपणहून येऊन काही सांगतात हेच किती थोडं असतं, तुला माहितीये. तिचं चित्र निवडलं गेलंय ही तिच्या त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट होती आणि ती सांगायला तिने तुला निवडलं. तू रागावली नाहीस, दुर्लक्ष पण केलं नाहीस, "छान" म्हणालीस, म्हणून तुला वाटत असेल की ठीकच तर बोलले. पण याच प्रसंगावर, म्हणजे कोणीतरी चांगली बातमी घेऊन आलं की समोरचा काय करतो यावर शेली गेबल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय, आणि ते वाचल्यापासून मला असं वाटतं की घरातल्या आनंदाची कुठली एक सवय लावायची असेल तर हीच.

त्या म्हणतात साधारण चार प्रकारे लोक उत्तर देतात. एक जण खरंच त्यात शिरतो, कुठलं चित्र, कोणी निवडलं, तुला कळलं तेव्हा तू काय करत होतीस, मला दाखव ना. दुसरा "छान" म्हणतो आणि स्वतःच्या कामाकडे वळतो. तिसरा त्यातलं खुसपट काढतो, प्रदर्शन असेल तर अभ्यास कधी करणार, आता रोज थांबावं लागेल का. चौथा विषयच बदलतो, बरं ते राहू दे, दप्तर भरलंस का. आपल्याला वाटतं तिसरा आणि चौथा वाईट, पहिले दोन चांगले. पण नवरा-बायको आणि जोडप्यांवरच्या त्यांच्या अभ्यासात नातं घट्ट असण्याशी जोडलेला निघाला तो पहिलाच प्रकार, बाकीचे तिन्ही नाहीत, म्हणजे ते थंड "छान" सुद्धा नाही. आणि त्यांच्या २००६च्या कामात मला सगळ्यात आश्चर्य या गोष्टीचं वाटलं की वाईट बातमीच्या वेळी जोडीदार कसा वागला यापेक्षा चांगल्या बातमीच्या वेळी कसा वागला यावरून ते नातं कसं चाललंय हे जास्त कळत होतं. आपण सगळे संकटात धावून जाण्याला फार मान देतो, आणि द्यायलाच हवा, पण संकटं काही रोज येत नाहीत. छोट्या चांगल्या बातम्या मात्र घरात रोज येतात, आज बसायला जागा मिळाली, सरांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं, तो अडकलेला इमेल एकदाचा गेला, आणि त्यातल्या बहुतेक आपल्या "हं" मध्ये संपून जातात.

सांगणाऱ्याचा पण यात फायदा असतो. चांगली गोष्ट कोणाला सांगितली आणि त्याने मनापासून ऐकली की सांगणाऱ्याला ती घडली तेव्हापेक्षा वेगळा, वरचा आनंद होतो, आणि प्रश्नांची उत्तरं देता देता ती गोष्ट त्याच्याही जास्त लक्षात राहते. म्हणजे तू तुझ्या मुलीला विचारलं असतंस की त्या चित्रात तू आधी काय काढलंस, तर तिचा आनंद वाढला असता आणि तुझाही दिवसातला एक खरा आनंदाचा क्षण तिथेच झाला असता, वहीत लिहायची गरज पण पडली नसती. तू त्या वेळी वहीत आनंद शोधत होतीस आणि तो दारात उभा होता. हे तुला वाईट वाटावं म्हणून नाही लिहीत, तू जे करत होतीस ते मनापासून आणि घरासाठीच करत होतीस हे मला दिसतंय.

आणि ती वेळ गेलेली नाहीये. मुलं मोठ्यांपेक्षा पटकन परत येतात, फक्त आपण जायचं असतं. आज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बस आणि म्हण, परवा तू चित्राचं सांगत होतीस आणि मी नीट ऐकलंच नाही, मला सगळं सांग. मोठी माफी, मोठं भाषण काही नको, आणि मुख्य म्हणजे "मला तुझा अभिमान आहे" वर लगेच उडी मारू नकोस, आधी प्रश्न विचार. अभिमान आहे म्हटलं की बोलणं बऱ्याचदा तिथेच संपतं, प्रश्न विचारला की पुढे जातं. ती "काही नाही गं" म्हणाली तर म्हणू दे, तिथेच बसून राहा थोडी. मग प्रदर्शन कधी आहे ते विचार आणि त्या दिवशी जा.

रोजची सवय म्हणून हे असं लावता येईल. कोणीही चांगलं काही सांगायला लागलं की हातातली वस्तू खाली ठेवायची, मोबाईल असेल तर पालथा ठेवायचा, आणि सल्ला द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे, बस एवढंच. "जेव्हा असं होईल तेव्हा मी हे करीन" असं आधीच ठरवून ठेवलं की गोष्ट होण्याची शक्यता बरीच वाढते, यावर पीटर गोलविट्झर यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. नुसतं "मी आता सगळ्यांचं नीट ऐकणार" ठरवलंस तर संध्याकाळच्या गडबडीत ते आठवणारच नाही, पण "मुलीने हाक मारली की लॅपटॉप अर्धा मिटायचा" हे आठवतं कारण हाक हीच आठवण असते. मी स्वतः हे करते आणि दमलेल्या दिवशी अजूनही जड जातं, पण दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचलं की मग ओढून न्यावं लागत नाही, गप्पा आपल्या चालतात. आणि खरंच हातातलं सोडता येत नसेल, कॉल चालू असेल, काही सांडत असेल, तर "थांब" एवढंच म्हणू नकोस, "हे मला नीट ऐकायचंय, पाच मिनिटांत मी तुझ्याकडे येते" म्हण आणि मग तूच जा. तिला परत यायला लावू नकोस.

नवऱ्याबद्दल तू समजूतदार आहे एवढंच लिहिलंयस. त्याच्या बातम्या कोण ऐकतं गं? आणि तुझ्या? हे पण बघ, तू चांगलं काही झालं तर घरी सांगतेस का, की फक्त तक्रारी सांगतेस आणि चांगलं गिळून टाकतेस. बऱ्याच घरात असं होतं, दुखणं बोलायची सवय असते आणि आनंद बोलायला लाज वाटते, बढाई मारल्यासारखं वाटतं. सांगायला सुरुवात कर. मुलं तेच बघून शिकतात.

तुझ्या स्वतःच्या निरस दिवसांचं काय, तर एक-दोन गोष्टी सांगते, त्यापेक्षा जास्त नाही, कारण परत यादी होईल.

दिवसातली एक कुठलीही गोष्ट, जी तू रोज करतेसच, अंघोळ घे, ऑफिसला चालत जायचा तो तुकडा घे, ती करताना फक्त तीच करायची. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये फोनवरून लोकांना दिवसभरात कधीही विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं, आणि मन भलतीकडे असताना लोक कमी आनंदी होते, छान विचारात हरवलेले सुद्धा हातातल्या कामात असणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हते. तू ज्याला निरसपणा म्हणतेस त्यातला काही भाग हा असू शकतो, दिवस घडतोय पण तू त्यात नाहीयेस, तू पुढच्या कामात आहेस. सगळा दिवस कोणालाच जमत नाही, पण गार पाणी खांद्यावर पडतंय एवढं दोन मिनिटं नीट जाणवलं तरी ती दोन मिनिटं तुझी असतात.

दुसरं म्हणजे अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसांशी बोलणं. यावर बायका मला लिहितात की आम्ही बोलक्या नाही. अगं बोलकं असायची गरज नाही. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकल ट्रेनमधल्या प्रवाशांना शेजारच्याशी बोलायला सांगितलं होतं, आणि गप्प बसणाऱ्यांपेक्षा बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त चांगला गेला, आणि गंमत ही की आधी विचारलं तर लोकांना बरोबर उलटं वाटत होतं. अर्थात जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे अजिबात नको, बाईमाणसाला ते जास्त कळतं. पण ऑफिसच्या दारातले वॉचमन काका, लिफ्टमध्ये रोज दिसणारी बाई, यांना नावाने हाक मारून एक वाक्य बोलायला काय लागतं. आनंद पसरवायचा म्हणतेस ना, तो असा पसरतो, एका ओळखीच्या चेहऱ्याने.

हो, पसरण्यावरून, तू कुठेतरी वाचलं असशील की आनंद साथीसारखा पसरतो, मित्राच्या मित्राच्या मित्रापर्यंत. ते जेम्स फाउलर आणि निकोलस क्रिस्टाकिस यांचं २००८चं काम आहे, ४,७३९ लोकांची वीस वर्षांची माहिती त्यात होती. काम मोठं आहे पण त्यावर आक्षेप पण आलेत, कारण सारख्या स्वभावाची माणसं मुळात एकमेकांजवळ येतात, मग पसरलं किती आणि आधीपासून सारखं किती हे वेगळं करणं अवघड असतं. म्हणून मी तुला असं नाही सांगणार की तू हसलीस की सगळं घर हसेल. उलट त्या विचाराने तुझ्यावर ओझं येतं, की घरात कोणी खिन्न असेल तर माझंच चुकलं. मुलगा चिडलेला असेल तर त्याला चिडू दे, "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणू नकोस, विचार की काय झालं. उदास माणसाला आनंदी हो म्हटलं की तो आणखी एकटा पडतो, आणि तुझी मुलं तुला नेमकं हेच सांगतायत.

दुसऱ्यासाठी काही करायचं असेल तर तेही रोज थोडं थोडं न करता एका दिवशी जरा जास्त करून बघ. ल्युबोमिरस्की यांच्याच प्रयोगात आठवड्यातल्या पाच मदतीच्या गोष्टी एकाच दिवशी करणाऱ्यांचा आनंद वाढला, आठवडाभर पसरून करणाऱ्यांचा नाही, बहुतेक म्हणून की रोजच्या चांगुलपणात ते वेगळं जाणवलंच नाही. आणि पैसे थोडे असले तरी चालतात. २००८ मध्ये एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलरची पाकिटं दिली, काहींनी स्वतःवर खर्च करायचे, काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते आणि पाच की वीस याने काहीच फरक पडला नव्हता. पण तुझ्यासारख्या बाईला मी हे जपून सांगते. घरासाठी, ऑफिससाठी तू आधीच सगळं करतेयस, त्यात आणखी पाच कामं घालायची नाहीयेत. तू जे करतेसच त्यातलं एखादं, नाइलाजाने न करता, स्वतः निवडून कर, आणि ज्याच्यासाठी केलं त्याचा चेहरा बघायला थांब.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे विचारायची आहे. हसू येत नाही, चिडचिड होते, दिवस नुसते जातात, असं तू लिहिलंयस. हे जर दिवसातला बराचसा वेळ, जवळपास रोज, दोन आठवड्यांच्या वर चालू असेल, आणि बरोबर झोप बिघडली असेल, भूक बदलली असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टीत पण रस वाटत नसेल, लक्ष लागत नसेल, तर हे सवयींचं काम नाही, डॉक्टरांकडे जायचं. डिप्रेशन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, बोलण्याचे पण आणि औषधांचे पण. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं यानेही माणूस असंच मरगळतं, तुझ्या वयाच्या बायकांमध्ये तर हे बरंच दिसतं, आणि साध्या रक्ततपासणीत कळतं. तपासणी करून घे, इतर काही सुरू करायच्या आधी. आणि जगायलाच नको असा विचार कधी एकदा जरी आला असेल तर नवऱ्याला आजच सांग आणि आजच डॉक्टरांशी बोल, माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नकोस.

राहिला फॅमिली ग्रुप. सुविचार बंद केलेस तर कोणाला वाईट वाटणार नाही, निश्चिंत राहा. पण पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहिली आहेस की तुझ्या पहिल्या नोकरीतल्या मॅडमची अधूनमधून आठवण येते, त्यांनी तुला खूप सांभाळून घेतलं होतं, त्यांचा नंबर पण आहे पण इतक्या वर्षांनी काय लिहायचं म्हणून राहतं. हे लिही. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये लोकांना असंच एखाद्याला आभाराचं पत्र लिहायला लावलं होतं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, आपले शब्द बरोबर नसतील. ज्यांना पत्र मिळालं त्यांना विचारलं तर ते लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त खूश होते, आणि अवघडल्यासारखं त्यांना फारसं वाटलंच नव्हतं. शब्द बरोबर आहेत का याची काळजी फक्त लिहिणाऱ्यालाच होती.

तर मॅडमना लिहिताना "तुम्ही खूप चांगल्या होतात" असं लिहू नकोस, त्यांनी नेमकं काय केलं होतं ते एक लिही, कुठल्या दिवशी, तू काय गोंधळ घातला होतास आणि त्या काय म्हणाल्या होत्या, आणि त्याचा तुला आज अजून कुठे उपयोग होतो. चार-पाच ओळी पुरेत. कशी आहेस, काय करतेस हे त्या विचारतीलच, ते नंतर. उत्तर यायला वेळ लागला तर वाट बघ, त्यांचं वय झालं असेल, मोबाईल रोज बघत नसतील. आणि मुलीशी बोलून झाल्यावर मग हे कर, त्याच्या आधी नाही.